मळहात

पेशंट समोर येऊन बसला की मी आधी त्याचे हात मागते. ज्योतिषी मागतो तसेच, पण पालथे. ज्योतिषी तळहात बघून पुढचं सांगतो. मला पुढचं काही सांगता येत नाही. मी मळहात बघते, आणि तिथे मागचं लिहिलेलं असतं. माणूस शेतकरी होता की बँकेत कारकून, ट्रक चालवताना कुठला हात खिडकीबाहेर टाकायचा, तरुणपणी किती रविवार बोटीवर काढले, हे सगळं मनगटापासून पेरांपर्यंतच्या त्या वीतभर जागेत उमटलेलं असतं.

ब्रिस्बेनमधल्या एका क्लिनिकात मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात दुसऱ्या कुणाचा तरी अवयव आहे. बहुतेकांची किडनी, काहींचं लिव्हर, थोड्यांचं हृदय किंवा फुफ्फुसं. तो अवयव सांभाळणारे डॉक्टर वेगळे, त्यांची इमारतही वेगळी. आमच्याकडे ही मंडळी येतात ती कातडी दाखवायला. पुस्तकात त्वचा म्हणायचं असतं, मला माहीत आहे. पण मऊ, नितळ असं जे काही त्या शब्दातून डोळ्यांपुढे येतं, ते या लोकांच्या अंगावर उरलेलं नसतं. ही कातडीच.

पहिल्या दिवशी मी सवयीने हातमोजे चढवले, डर्मोस्कोप घेतला आणि एका हातावर वाकले. शेजारी उभ्या असलेल्या वरिष्ठ बाईंनी तो काढून घेतला. ‘मोजे काढ. बघायचं नंतर, आधी चाचप.’ माझं बोट धरून त्यांनी ते त्या माणसाच्या मनगटावरून पुढे सरकवलं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. थोडी लाली होती, पण ती सगळीकडेच. मध्येच बोटाला खरखर लागली. अंगठाभर पुढे आणखी एक. आई परातीत तांदूळ निवडायची तेव्हा खडा डोळ्याला दिसायच्या आधी तिच्या बोटाला लागायचा, तसं.

इथले लोक त्याला सनस्पॉट म्हणतात. उन्हाने बिघडलेल्या पेशींचा तो पहिला खरखरीत थर. सामान्य माणसात यातले बहुतेक आयुष्यभर तसेच राहतात, काही आपोआप मावळतात, एखाद्याचाच कॅन्सर होतो. ‘सामान्य माणसात’ हे शब्द मी वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहिले होते. आमच्या क्लिनिकात ते शब्द कामाचे नाहीत.

मुंबईतल्या सरकारी रुग्णालयात एम. डी. करताना मी तीन वर्षांत गजकर्णाचे हजारो पेशंट पाहिले असतील, कुष्ठरोगाचे शेकड्यांनी. त्वचेचा कॅन्सर हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. जुन्या भाजल्याच्या वणावर उठलेला, किंवा जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या एखाद्या गरीब मुलाच्या गालावर. तोंडी परीक्षेत हमखास विचारला जायचा तो धोतराचा कॅन्सर: कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी काचणाऱ्या गाठीने होणारा. 1945 साली मुंबईतच डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी तो जगाला सांगितला, याचा आम्हाला अभिमान वगैरे होता. साडीच्या, परकराच्या नाडीचा तसाच. म्हणजे आमच्याकडचा हा आजार उन्हापेक्षा नाडीशी जोडलेला. किडनी बदललेले पेशंटही ओपीडीत यायचे, पण बुरशी, नागीण आणि चामखिळी घेऊन. त्यांच्या त्वचेच्या कॅन्सरबद्दल माझ्या वहीत दोन ओळी होत्या आणि त्यातली एक मी विसरले होते.

क्वीन्सलंडला त्या दोन ओळींवर राज्याची अख्खी यंत्रणा चालते. युरोपच्या ढगाळ भागातून आलेल्या गोऱ्या माणसांची वस्ती, आणि वर हा सूर्य. ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठेपर्यंत तिघांतल्या दोघांना कुठल्या ना कुठल्या प्रकारचा त्वचेचा कॅन्सर सांगितला जातो. त्यात प्रत्यारोपणाची औषधं पडली की हिशेबच बदलतो. नव्वदच्या दशकात इथल्या किडनी पेशंटांची मोजदाद झाली. औषधं सुरू होऊन एका वर्षात 7 टक्के लोकांना त्वचेचा कॅन्सर झालेला, अकरा वर्षांनी 45 टक्के आणि वीस वर्षांनी 70 टक्के. नेदरलँड्समध्ये हाच वीस वर्षांचा आकडा 40 टक्क्यांच्या आसपास होता. औषधं तीच, माणसंही गोरीच, ऊन वेगळं.

बाकी लोकांत त्वचेच्या कॅन्सरमध्ये बेसल सेल, म्हणजे बीसीसी, जास्त. तो आळशी असतो, जागा सोडत नाही. आमच्याकडे प्रमाण उलटं. इथे स्क्वेमस सेल, एससीसी, त्याच्या पुढे जातो. बीसीसीचा धोका औषधांमुळे दहापट वाढतो असं धरतात. एससीसीचा 65 पट, शंभर पट, काही पाहण्यांत त्याहूनही जास्त. आणि एससीसी आळशी नसतो.

आता त्या गृहस्थांबद्दल. त्यांना मी मनात उसाचे आजोबा म्हणते. बंडाबर्गकडचे ऊस शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे. 1994 साली त्यांना किडनी मिळाली, धाकट्या बहिणीची. पहिल्यांदा भेटले तेव्हा माझं नाव दोनदा चुकीचं उच्चारून त्यांनी ‘डॉक’वर तडजोड केली आणि विचारलं, मूळ गाव कुठलं? सांगली म्हटल्यावर त्यांना काही कळायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, आमच्या गावाच्या चारही बाजूंना ऊस आहे. ते खुर्चीत पुढे सरकले.

त्यानंतरच्या आमच्या भेटींत निम्मा वेळ उसावर जायचा. त्यांना खोडवा किती वर्षं ठेवता याची चौकशी. आमच्याकडे अजून माणसं कोयत्याने तोडतात, बीडकडून टोळ्या येतात, बायका मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवतात, हे ऐकून ते गप्प झाले. त्यांच्याकडे यंत्र कधीच आलं. पण साठच्या दशकात पोरसवदा असताना त्यांनी बापाबरोबर हाताने ऊस तोडला होता. आधी फड पेटवायचा, पाचट जळून गेलं की काळ्या राखेत उतरायचं. अंगात बिनबाह्यांची गंजी, कधी तीही नाही. ‘आई म्हणायची, पाठ भाजून दोनदा सोलली की पुढे त्रास नाही,’ ते म्हणाले. त्यांच्या त्या पाठीवर मी तोवर अकरा टाक्यांच्या खुणा मोजल्या होत्या.

हातांचं तर मोजणं सोडून दिलेलं. दोन्ही मळहातांवरची कातडी केव्हाच काढून टाकली होती आणि तिथे मांडीची लावली होती. एकेक एससीसी काढत बसण्यापेक्षा शेतच नांगरून टाकावं तसा तो उपाय. त्यामुळे त्यांच्या हाताकडे बघणं विचित्र वाटायचं. मनगटापर्यंत तांबूस, ठिपकेदार, झाडाच्या सालीसारखं. आणि मग एकदम चौकोनी, फिकट, गुळगुळीत, लहान मुलाच्या पोटासारखं. ती त्यांचीच कातडी, त्याच वयाची, तीच औषधं तीस वर्षं पचवलेली. फक्त तिला ऊन माहीत नव्हतं. कुठल्याही व्याख्यानात इतकं नीट कुणी मला समजावलं नव्हतं. नुसत्या औषधाने काही होत नाही. औषधाला आधी पडलेलं ऊन लागतं.

पण हे कातडीलाच का व्हावं? औषधं तर सगळ्या अंगाची प्रतिकारशक्ती दाबतात. मग स्तनाचा कॅन्सर, प्रोस्टेटचा कॅन्सर या लोकांत का वाढत नाही? तो फारसा वाढत नाही, हे खरं आहे. हा प्रश्न मला दोन वर्षं छळत होता आणि उत्तर मिळालं ते एका जुन्या उंदरांच्या प्रयोगात. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मार्गारेट क्रिपके यांनी उंदरांना अतिनील किरण देऊन गाठी आणल्या आणि त्या गाठी काढून त्याच जातीच्या दुसऱ्या निरोगी उंदरांच्या अंगात घातल्या. बहुतेक गाठी तिथे रुजल्याच नाहीत. निरोगी शरीराने त्या ओळखल्या आणि खाऊन टाकल्या. प्रतिकारशक्ती दाबलेल्या उंदरात मात्र त्या फोफावल्या. पुढे असंही दिसलं की अतिनील किरण स्वतःच प्रतिकारशक्ती थोडी दाबतात. म्हणजे ऊन पेशी बिघडवतं आणि वर पहारेकऱ्यालाही गुंगी देतं.

लहानपणी जोंधळा दाण्यात आला की आम्हा पोरांना माळ्यावर राखणीला बसवायचे, हातात गोफण देऊन. पाखरांचा थवा आला की ओरडायचं. सगळ्या पाखरांना हाकलणं सोपं नसतं. कणसाच्या रंगाची चिमणी दिसतच नाही. पोपट मात्र लांबून दिसतो. उन्हाने झालेला कॅन्सर हा पोपट आहे. त्याच्या जनुकांत इतकी मोडतोड झालेली असते की शरीराला तो अगदी परका, भडक दिसतो. म्हणून एरवी राखणदार त्याला रोज हाकलत असतो आणि आपल्याला कळतही नाही. राखणदार उतरवला की सगळ्यात जास्त फावतं ते याच पाखराचं. बाकीच्या चिमण्या त्याला तशाही दिसत नव्हत्या.

यातली गंमत, गंमत म्हणणं बरं नाही पण दुसरा शब्द सुचत नाही, अशी की राखणदार आहे हे डॉक्टरांना कळलं तेही कातडीमुळेच. 1943 मध्ये ग्लासगोत भाजलेल्या एका तरुण बाईला तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले. ते काही दिवस जगले आणि गळाले. मग त्याच भावाचे पुन्हा लावले, ते आणखी लवकर गळाले. गिब्सन आणि मेडावार यांनी त्यावरून ओळखलं की शरीर परक्याला नुसतं नाकारत नाही, लक्षातही ठेवतं. 1954 साली, 23 डिसेंबरला, बोस्टनला जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. ती पहिली टिकलेली किडनी. त्याआधी दोघे खरोखर एकसारखे आहेत याची खात्री करायला एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून पाहिला होता. तो टिकला, म्हणून पुढे जायचं धाडस झालं. जुळे असल्याने त्यांना पुढे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांची गरज नव्हती. बाकीच्या जगाला जुळा भाऊ नसतो.

त्यांच्यासाठी गोळ्या. आमच्या पेशंटांच्या डब्यात बघावं तर अर्ध्या पृथ्वीची माती असते. सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून आलं, टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जिवाणूतून, आणि सिरोलिमस ईस्टर बेटाच्या. हे शेवटचं शोधलं सुरेंद्रनाथ सहगल यांनी, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेला आपला माणूस. कंपनीने कॅनडातली प्रयोगशाळा गुंडाळली तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमशेजारी जपला. पुढे त्याच औषधाने आमच्या काही पेशंटांची कातडी वाचवली, कारण ते राखणदाराला झोपवतं आणि त्याच वेळी गाठींची वाढही रोखतं. किडनी बदललेल्या, एससीसी होऊन गेलेल्या लोकांना त्यावर आणलं तर पुढचा एससीसी लांबतो, हे 2012 साली एका युरोपीय चाचणीत दिसलं. पहिल्याच गाठीनंतर औषध बदललं तर फायदा जास्त. पण तोंड येतं, पाय सुजतात, जखमा भरत नाहीत. बऱ्याच जणांना सोडावं लागतं.

उसाच्या आजोबांना पंधरा-सोळा वर्षं मिळत होतं ते मात्र सर्वांत जुनं, ॲझाथायोप्रिन. त्या औषधाची एक खोड फार उशिरा कळली. त्याचा अंश पेशींच्या डीएनएमध्ये जाऊन बसतो आणि मग साध्या डीएनएला जे ऊन फारसं लागत नाही, तेही लागायला लागतं. काचेतून येणारं ऊनसुद्धा. ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये बसून आपण सावलीत आहोत असं ते समजत होते. कुणाची चूक? कुणाचीच नाही. त्या औषधाने त्यांची किडनी तितकी वर्षं चालवली. किडनीच्या डॉक्टरांकडे त्यांची फाइल म्हणजे यशाचा नमुना आहे. आमच्याकडची फाइल दोन खंडांत आहे.

आमच्या दोन विभागांत यावरून कायम ओढाताण. मी लिहिते, ‘डोस कमी करता येईल का?’ उत्तर येतं, ‘क्रिएटिनिन उत्तम आहे, बदल नको.’ किडनी बिघडली की रक्तातला हा आकडा चढतो. पूर्वी मला राग यायचा. मग एकदा त्यांच्या वॉर्डात एक मुलगी पाहिली, औषधं अनियमित घेतल्याने किडनी गमावून पुन्हा डायलिसिसवर आलेली. तेव्हापासून मी तीच चिठ्ठी लिहिते, पण रागाशिवाय.

माझी स्वतःची एक चूक सांगते. हृदय बदललेल्या एक निवृत्त संगीतशिक्षिका माझ्याकडे यायच्या. कानाच्या वरच्या कडेला मसुराएवढी खपली. रांग मोठी होती, दुपारचे दोन वाजत आलेले. सनस्पॉट समजून मी लिक्विड नायट्रोजन मारलं आणि चार महिन्यांनी या म्हटलं. त्या सात आठवड्यांत आल्या. खपलीच्या जागी जांभळाच्या बीएवढी गाठ. मी विचारलं, दुखतं का? ‘पहिल्यापासूनच,’ त्या म्हणाल्या. ‘तू विचारलं नाहीस.’ एवढंच, आवाज न चढवता. दुखणारा सनस्पॉट हा नुसता सनस्पॉट समजायचा नसतो, हे कुणीही सांगेल. कानाचा वरचा भाग गेला, मज्जातंतूच्या कडेने गाठ सरकलेली म्हणून रेडिएशन झालं. त्या बऱ्या आहेत. चष्म्याची काडी त्या बाजूला टेकत नाही, तिथे त्या पारदर्शक चिकटपट्टी लावतात आणि दर भेटीला ती माझ्यासमोर नव्याने लावतात. मला दाखवायला लावतात असं नाही. मला तसं वाटतं.

तेव्हापासून ‘दुखतं का’ हा माझा दुसरा प्रश्न. पहिला, हात दाखवा. मग सगळे कपडे, अंतर्वस्त्रांपर्यंत. मुंबईत पंख्याखाली पडद्याआड लुगडं चार बोटं सरकवून तपासणारी मी, इथे टाळूपासून पायाच्या बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघते. डोक्याचे केस उवा बघतात तसे भांग पाडत पाडत. ओठ आणि कानामागचा भाग विसरायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी सांगलीला गेले होते. आतेभावाची किडनी बदललेली आहे, आत्यानेच दिली. आपल्याकडे देणारी बहुधा आईच किंवा बायको. अंगणात भर दुपारी तो उघडाबंब बसला होता. मी टोपी घाल म्हटलं तर आत्या हसली, ‘अगं, ते गोऱ्यांचं दुखणं. आपल्या कातडीला काय होतंय!’ तिचं बरंच खरं होतं. आपल्या रंगात असलेलं मेलॅनिन फार मोठं छत्र आहे, आणि त्याचे मळहात मी मुकाट्याने चाचपले तर खरखर एकही नव्हती. पण बोटांवर चामखिळी होत्या, सात-आठ. मी विचारलं, आणखी कुठे? तो गडबडीने पाण्याचा तांब्या आणायला गेला. सावळ्या आणि काळ्या लोकांत प्रत्यारोपणानंतर एससीसी होतो तो पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागी, चामखिळीच्या विषाणूच्या आधाराने: जांघेत, गुदद्वाराशी, लिंगावर. म्हणजे नेमका तिथे, जिथे आपल्याकडे कुणी बघत नाही आणि कुणी दाखवत नाही. मामेबहिणीला, त्यातून वयाने मोठ्या, कसं दाखवणार? मी मिरजेतल्या माझ्या एका वर्गमित्राचा नंबर त्याच्या खिशात कोंबला. गेला का, ते आत्याला विचारायची सोय नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, ‘जाणार आहे, ताई.’

गेल्या वर्षी उसाच्या आजोबांच्या डाव्या कानाखाली गाठ लागली. टाळूवरचा एक एससीसी आधी काढला होता, त्याचंच बी तिथे पोचलं होतं. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं, सहा महिन्यांत गाठ परत.

यावर आता औषध आहे. ॲलिसन आणि होन्जो यांना 2018 चं नोबेल मिळालं त्या शोधातून आलेली ही औषधं गाठीला मारत नाहीत. झोपलेल्या राखणदाराला गदागदा हलवून उठवतात. जनुकांची इतकी मोडतोड असलेला एससीसी त्यांना फार चांगला जुमानतो. पण उठलेला राखणदार आधी काय बघणार? तीस वर्षं शेतात मुक्कामाला असलेला पाहुणा. आजवर जे पेशंट छापून आले त्यांत दहापैकी सुमारे चौघांची किडनी या औषधाने नाकारली गेली. अलीकडे सिरोलिमसच्या गोत्रातलं औषध आणि ठरावीक दिवशी स्टेरॉइड देऊन थोड्या लोकांत किडनी राखता आली आहे, थोड्याच.

आमच्या दर आठवड्याच्या बैठकीत ही केस पाऊण तास चालली. कॅन्सरवाले म्हणाले, देऊया. किडनीवाले म्हणाले, डायलिसिसला तो माणूस वर्षभर तरी टिकेल का? बंडाबर्गहून आठवड्यात तीनदा? मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्याची कातडी मला माहीत आहे, बाकी काही माहीत नाही. हे उत्तर नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यांना सांगायच्या दिवशी बहीणही आली होती. बंडाबर्ग ते ब्रिस्बेन चार-साडेचार तास, गाडी तीच चालवते. मी सगळं मांडलं. दोघं ऐकत होती. आजोबा म्हणाले, ‘किडनी हिची आहे. हिला विचार.’ ती म्हणाली, ‘तीस वर्षं झाली ती माझ्यातून निघून. दिलेली वस्तू परत मोजायची नसते.’ मी हे नंतर फोनवर आईला सांगितलं. आई थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘उलटी भाऊबीज की गं ही.’

बोलता बोलता बहिणीने टेबलावर हात ठेवले आणि माझी सवय, मी ते ओढून घेतले. परवानगी नंतर मागितली. दोघांचे हात शेजारी शेजारी ठेवले. एकाच आईबापाची, एकाच फडात वाढलेली, दोन वर्षांचं अंतर. तीही लहानपणी उसात, पुढे आयुष्यभर घोडे आणि भाजीचा मळा. ऊन जवळजवळ तेवढंच. तिचा मळहात ठिपकेदार, सुरकुतलेला, दोन-तीन ठिकाणी खरखर. आयुष्यात दोन बीसीसी, एक नाकावर, एक खांद्यावर. संपलं. तिच्या अंगात किडनी एकच आहे, पण राखणदार जागा आहे. त्याच उन्हाची तिच्या भावाच्या अंगावर एकशे चाळीसच्या वर कापाकाप झालेली, आणि हातावर मांडीचे दोन चौकोन.

‘डॉक, काय दिसतंय? लांब आयुष्य आहे का?’ तिने विचारलं. इथेही जत्रेत हात बघतात.

मी म्हटलं, मला फक्त मागचं वाचता येतं.

त्यांनी औषध घ्यायचं ठरवलं. आधी जुन्या गोळ्या उतरवून सिरोलिमसवर आणलं. तोंड आलं, ते सोसलं. मग दर तीन आठवड्यांनी शिरेतून राखणदाराला उठवणारं औषध, सेमिप्लिमॅब. आदल्या दिवशी क्रिएटिनिन. ब्रिस्बेनमध्ये मी आणि बंडाबर्गमध्ये ते, दोघं एकाच आकड्याची वाट बघायचो. इथल्या मापात 128 होता. दुसऱ्या डोसनंतर 171. किडनीवाल्यांनी स्टेरॉइड वाढवलं, पुढचा डोस पुढे ढकलला. मी रात्री दोनदा उठून कॉम्प्युटर उघडला, जणू मी बघितल्याने तो खाली येणार होता. 149 झाला. तिथेच थांबला. कानाखालची गाठ तोवर बोटाला लागेनाशी झाली होती.

परवा पाचवा डोस होता. त्यानंतर माझ्याकडे आले, हात पुढे केले. उजव्या मनगटाशी, मांडीची कातडी संपते त्या शिवणीवर, नवी खरखर. ‘दुखतं का?’ ‘नाही.’ नायट्रोजन मारलं, चार आठवड्यांनी बघते म्हटलं. त्यांना घाई होती, गाळप सुरू झालंय.

दुपारी जेवायला बाहेर पडले तर पार्किंगमधून त्यांची गाडी निघत होती. बहीण स्टिअरिंगवर, काच खाली, उजवा हात कोपरापर्यंत उघडा, खिडकीबाहेर टाकलेला. शेजारून ते तिच्यावर काहीतरी ओरडत होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेवर झालर असलेली टोपी. तिने मान हलवली, हसली, आणि हात तसाच ठेवून गाडी वळवली.